काळ्या मातीचे रस्ते आणि माझ्या मिनीचे टायर

इंदूरहून कुठल्याही दिशेला गाडी काढा, डांबराखाली माळव्याची काळी मातीच असते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, तिला खोल भेगा पडतात, आणि वरचा रस्ता दर वर्षी कुठे थोडा उचलला जातो, कुठे थोडा बसतो. खड्डा निदान दिसतो, चुकवता येतो. ही लाट दिसत नाही. ताशी ८० किलोमीटरने जाताना गाडी एकदम हलकी होते, लगेच जड होते, आणि नेमकं तिथेच वळण असेल तर चाकांना रस्त्याची किती पकड उरली आहे ते स्टिअरिंगवरच्या हातांना ताबडतोब कळतं.

हे आधीच सांगितलं, कारण टायर आणि सस्पेन्शनबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक युरोपातल्या रस्त्यांवर तपासलेलं असतं. माझी गाडी लोकमान्य नगरातल्या गल्लीत उभी राहते, कामाच्या दिवशी पीथमपूरला जाते आणि सुट्टीच्या पहाटे महूवरून जाम गेटकडे किंवा खंडवा रोडने सिमरोलच्या घाटाकडे निघते. तिच्यासाठी काही निवडायचं तर माप इथल्या रस्त्यांचंच लावायला हवं, हे मी पहिल्यापासून धरून चालले होते.

गाडी मिनी कूपर एस, तीन दरवाज्यांची, जुनी घेतलेली. दोन लिटरचं टर्बो इंजिन, १९२ अश्वशक्ती, २८० न्यूटन मीटर टॉर्क, ओढ सगळी पुढच्या चाकांना. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकर एकाच खांबात), मागे मल्टिलिंक (प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी धरलेलं). दोन अॅक्सलमधलं अंतर जेमतेम २,४९५ मिलिमीटर. चारही चाकं गाडीच्या अगदी कोपऱ्यांत असल्यामुळे ती वळायला चपळ आहे, पण हेच कमी अंतर रस्त्याची प्रत्येक लाट थेट पाठीत पोचवतं. ताकदीबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. घट्ट वळणात नाक बाहेर जायला लागायचं, वळणाच्या मध्यात उंचवटा आला की मागची बाजू उडी मारून थोडी सरकायची, आणि लाटेवरून उतरल्यावर गाडी एकदा बसून स्थिर व्हायच्या ऐवजी आणखी एक-दोन हेलकावे घ्यायची. मला हे तिन्ही दूर करायचं होतं, आणि सासूबाईंना मागे बसवून महेश्वरला नेता येईल इतपत गाडी मऊही राहायला हवी होती.

सल्ले भरपूर मिळाले आणि बहुतेक एकाच दिशेचे होते: छोट्या स्प्रिंग टाकून गाडी दीड इंच खाली उतरवा, १८ इंची अलॉय घाला, काम फत्ते. गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो, वळणात ती कमी कलते, हे खरंच आहे. पण सस्पेन्शनला खाली-वर व्हायला जी मोजकी जागा मिळालेली असते, त्यातला दीड इंच उभ्या उभ्याच संपतो. मग लाटेवरून खाली येताना शॉकरचा दांडा बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या मऊ अडथळ्यावर, आपटतो, आणि त्या क्षणी त्या चाकाचं स्प्रिंग जणू दगडाचं होतं. वळणात असं झालं तर पकड सुटते. शिवाय मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत उंची फार कमी केली की खालच्या आर्मचा कोन बिघडतो, रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्य जितका उतरतो त्याहून जास्त उतरतं, आणि कलणं अपेक्षेइतकं कमी होत नाही. गुळगुळीत ट्रॅकवर यावर उपाय आहेत. आपल्या रस्त्यावर चाक खाली-वर जाऊ शकलं पाहिजे, इतकी साधी गरज आहे. त्यामुळे उंची मूळचीच ठेवायची हे मी ठरवून टाकलं आणि पुढची सगळी निवड त्या चौकटीत केली.

देवास नाक्याजवळ ज्यांच्याकडे माझी गाडी दुरुस्तीला असते ते मेकॅनिक दादा इंदूरचेच मराठी, रामबागेत वाढलेले. मी टायरचं बोलायला गेले तर म्हणाले, “ताई, टायर घ्या ना, पण आधी खाली काय काय ढिलं झालंय ते बघू द्या. ढिल्या गाडीला टायर चांगला घाला नाहीतर वाईट, सारखंच वाटेल.” गाडी रॅम्पवर चढली. त्यांनी टॉमी घेतली, पुढच्या लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणारा दांडा) मागच्या बुशपाशी (त्याच्या सांध्यातला रबरी तुकडा) अडकवली आणि हलकासा जोर दिला. आर्म बोटभर सरकला. टॉर्चच्या उजेडात बुशचं रबर एका बाजूने धातूपासून सुटलेलं दिसलं, आतला काळा चिकट द्रव बाहेर येऊन त्यावर धूळ बसलेली. हा बुश द्रव भरलेला असतो. तो फाटला की ब्रेक लावताना चाक किंचित मागे जातं, वेग घेताना पुढे येतं, म्हणजे टो (वरून पाहता चाकाचं तोंड आत की बाहेर) आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) गाडी चालता चालता बदलत राहतात. मी ज्याला टायरचा दोष समजून बसू शकले असते त्यातला बराचसा भाग इथे होता. डावीकडच्या लिंक रॉडचा जॉइंटही खटखटत होता.

बुश बदलताना मी दादांच्या शेजारी उभी राहिले, कारण एक गोष्ट मला डोळ्यांनी बघायची होती. आर्मचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना पक्के कसले तर रबर त्या लटकत्या अवस्थेत जखडलं जातं. गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून आधी बोल्ट हाताने बसवायचे, गाडीचं वजन चाकांवर आणायचं, आणि मग शेवटचा पीळ टॉर्क रेंचने द्यायचा. दादांना हे सांगावं लागलं नाही. त्यांनी चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवले, गाडी त्यांवर टेकवली आणि खाली झोपून बोल्ट कसले. पॉलियुरेथेनचे कडक बुश घालावेत असंही एकाने सुचवलं होतं. त्यांनी स्टिअरिंग तिखट होतं, पण रस्त्याची सगळी घरघर आत येते. मी मूळचे रबरी बुशच घातले.

आता टायर. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेतला आणि तो घेण्यासारखा आहे, कारण गाडी रस्त्याला फक्त चार ठिकाणी टेकते आणि प्रत्येक ठिकाण साधारण तळहाताएवढं असतं. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग यांचं जे काही काम आहे ते त्या चार तळहातांतूनच जातं.

गाडीला रनफ्लॅट टायर होते, २०५/४५ आर १७ मापाचे, म्हणजे २०५ मिलिमीटर रुंद, बाजूची भिंत (साइडवॉल) त्याच्या ४५ टक्के उंच, रिम १७ इंची. रनफ्लॅटच्या साइडवॉलमध्ये जास्तीचं जाड रबर असतं. हवा पूर्ण गेली तरी ती भिंत गाडीचं वजन पेलते आणि कमी वेगात साधारण ८० किलोमीटरपर्यंत नेते. म्हणूनच गाडीत स्टेपनी नाही. पण त्याच जाड भिंतीमुळे टायर जड होतो आणि कमी वाकतो. चाक, टायर, ब्रेक हे स्प्रिंगच्या खालचं वजन. ते जितकं जास्त, तितकं उंचवट्यावरून उडालेल्या चाकाला परत रस्त्यावर दाबून बसवणं शॉकरला कठीण. वळणाच्या मध्यात मागची बाजू उडी मारत होती त्यातलं हे एक कारण.

रनफ्लॅट काढायचे ठरवले तर पंक्चरचं काय, हा घरातला मोठा प्रश्न होता. रात्री खंडवा रोडवर टायर बसला तर काय करणार, असं नवऱ्याने विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. मी बूटमध्ये १२ व्होल्टचा हवेचा पंप, ट्यूबलेसचं पंक्चर किट, सीलंटची बाटली आणि टॉर्च कायम ठेवते. किट वापरून प्लग नीट बसवता येतो की नाही हे आम्ही दोघांनी दादांकडच्या एका बाद टायरवर खिळा ठोकून करून पाहिलं. साइडवॉल फाटली तर मात्र यातलं काही कामाचं नाही, टो ट्रक बोलवावा लागतो. ज्याला हे चालणार नाही त्याने रनफ्लॅटच ठेवावेत, यात कमीपणा काही नाही.

मग मापाचा विचार. याच पिढीच्या मिनीला कंपनी १९५/५५ आर १६ मापही देते. हिशोब करून पाहा. १९५ चे ५५ टक्के म्हणजे १०७ मिलिमीटर उंच साइडवॉल. २०५ चे ४५ टक्के म्हणजे ९२ मिलिमीटर. रिम एक इंचाने लहान, भिंत १५ मिलिमीटरने उंच. चाकाचा पूर्ण व्यास १६ इंचीत सुमारे ६२१ मिलिमीटर, १७ इंचीत ६१६. फरक एक टक्क्याहूनही कमी, म्हणजे स्पीडोमीटर आणि एबीएस यांना काही गोंधळ नाही. खड्ड्याच्या धारेवर रिम वाचवायला १५ मिलिमीटर रबर जास्त, आणि चाकही हलकं.

लहान चाक म्हणजे पकड कमी, असं सरसकट मानलं जातं. पण १९५९ साली अॅलेक इसिगोनिसने पहिली मिनी काढली तेव्हा तिला जेमतेम १० इंची चाकं होती. त्या मापाचे टायर डनलॉपने खास बनवून दिले, आणि सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगच्या जागी अॅलेक्स मोल्टनचे रबरी कोन होते. त्या चाकांवर मिनीने माँटे कार्लो रॅली १९६४, १९६५ आणि १९६७ साली जिंकली. मोठ्या चाकांचा सोस नंतरचा आहे आणि त्यात दिसण्याचा वाटा मोठा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरी १७ इंची ठेवण्याच्या बाजूने एक भक्कम मुद्दा होता. खऱ्या स्पोर्ट्स टायरमध्ये १७ पासून पुढे जास्त निवड मिळते. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४ हा टायर २०५/४५ आर १७ मध्ये येतो, आणि कोरड्या रस्त्यावरची निव्वळ पकड हवी तर तो माझ्या १६ इंची पर्यायांच्या पुढे आहे, यात वाद नाही. १६ मध्ये माझ्यासमोर कॉन्टिनेन्टलचा अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी ६, मिशेलिनचा प्रायमसी ४ एसटी आणि योकोहामाचा अॅडव्हान फ्लेवा हे तीन होते. त्यातला फ्लेवा स्वभावाने सगळ्यात स्पोर्टी, प्रायमसी शांत आणि ओल्यात ब्रेकला भरवशाचा, यूसी ६ दोघांच्या मधला. त्यात जून २०२० मध्ये सरकारने परदेशातून येणाऱ्या मोटारींच्या नव्या टायरवर आयातीचे निर्बंध घातले, तेव्हापासून खास टायर हव्या त्या मापात, ताज्या तारखेचे मिळवणं अवघड झालं. ज्याचा एक टायर फाटला तर तसाच दुसरा महिनोन् महिने मिळणार नाही, असा टायर रोजच्या गाडीला घालणं मला पटेना.

मी यूसी ६ घेतले. १६ इंची चाकं मिनीचीच मूळची, जुनी पण सरळ, दिल्लीहून मागवली. बोल्टांचं वर्तुळ ५ गुणिले ११२, मधलं भोक ६६.६ मिलिमीटर, रुंदी साडेसहा इंच, ऑफसेट, म्हणजे बोल्टांची बैठक रिमच्या मध्यापासून किती बाहेर, ५४ मिलिमीटर. हे चारही आकडे जुळल्याशिवाय चाक घेऊ नये. भोक मोठं असेल तर चाक हबवर नेमकं बसत नाही आणि कितीही बॅलन्सिंग केलं तरी स्टिअरिंग थरथरतं. बाजारची स्वस्त हलकी अलॉय बघितली होती, पण वजन कमी करायला धातू कुठे कमी केलाय हे कळायला मार्ग नसतो. मूळ चाकाबद्दल ती शंका उरत नाही. ब्रेकच्या कॅलिपरला चाक घासत नाही ना, हेही टायर चढवण्याआधी रिकामं चाक बसवून, हाताने फिरवून पाहिलं.

दुकानात टायर हातात घेऊन बघायच्या गोष्टी थोड्याच आहेत. साइडवॉलवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. एका दुकानात तीन टायर ताजे आणि चौथा बराच जुना निघाला. दुकानदार म्हणाला, माल नवाच आहे, वापरलेला नाही. वापरलेला नव्हता, पण रबर गोदामातही कडक होतं, आणि एका कोपऱ्याची पकड उरलेल्या तिघांपेक्षा वेगळी असणं पावसात धोक्याचं आहे. मी दुसरीकडून घेतले. आयएसआयची खूण, भाराचा अंक आणि वेगाचं अक्षर मूळ टायरपेक्षा कमी नसणं हेही पाहायचं. ८७ म्हणजे एका टायरवर ५४५ किलो, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत. चाकाचे बोल्ट या गाडीला १४० न्यूटन मीटरने कसतात. हवेच्या गनने ठाँय ठाँय करून सोडून दिलेलं मला चालत नाही. मी टॉर्क रेंच मागितला, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर बोल्ट पुन्हा तपासून घेतले.

नुसत्या बुश आणि टायरने गाडी किती बदलली हे मला वेगळं कळायला हवं होतं, म्हणून शॉकरना तेव्हा हात लावला नाही. सगळं एकदम बदललं की कशाने काय झालं ते समजत नाही. अलाइनमेंट मात्र लगेच केलं. मशीनवरच्या मुलाने आधी सवयीप्रमाणे पुढचा टो तेवढा हिरव्या पट्ट्यात आणला आणि “हो गया, मॅडम” म्हणाला. मी त्याला मागची चाकं दाखवायला सांगितली. मागचा टो डावीकडे आत, उजवीकडे जवळजवळ शून्य. म्हणजे गाडी सरळ जायला स्टिअरिंग किंचित वाकडं धरावं लागणार आणि डाव्या-उजव्या वळणात गाडी वेगवेगळी वागणार. मागे मल्टिलिंक असल्यामुळे तिथे टो आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) दोन्ही लावता येतात, पण आपल्याकडे फार थोडे लोक त्याला हात लावतात. आधी मागचं दोन्ही बाजूंनी सारखं केलं, मग पुढचं. पुढे टो शून्याजवळ ठेवला. जास्त टो-इन केला की सरळ रस्त्यावर गाडी शांत वाटते, पण वळायला आळशी होते आणि टायरच्या कडा करवतीसारख्या झिजतात. पुढचा कॅम्बर या गाडीत मुळात लावता येत नाही, त्यासाठी वरती कॅम्बर प्लेट घालाव्या लागतात. दोन्ही बाजूंमध्ये फार फरक नव्हता, तेवढ्यावर मी समाधान मानलं. छापील कागद मागून घेतला. तो कागद पुढे फार उपयोगी पडला.

हवेचा प्रयोग मी स्वतः केला. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून साइडवॉल सुरू होते तिथे, पाटीवरच्या खडूने आडव्या रेघा मारायच्या, घाटातून गाडी काढायची आणि रेघा कुठपर्यंत पुसल्या ते बघायचं. दरवाज्याच्या खांबावर कंपनीने लिहिलेल्या हवेवर माझ्या पुढच्या डाव्या टायरची रेघ नक्षीच्या पुढे भिंतीवर अर्ध्या बोटाने पुसली गेली होती. टायर वळणात जास्त लोळत होता. पुढे २ पीएसआय वाढवल्यावर रेघ खांद्याच्या कडेशीच थांबली. त्याच्याही वर नेली तेव्हा मात्र गाडी लाटेवर उडायला लागली, म्हणून परत खाली आले. तापमानाचा हिशोब धरायला हवा. साधारण साडेपाच अंश सेल्सियसला १ पीएसआय फरक पडतो. इंदुरात मे महिन्यात पहाटे आणि दुपारी १४-१५ अंशांचं अंतर सहज असतं, म्हणजे अडीच पीएसआय कुठेही न जाता वाढलेले दिसतात. मी हवा पहाटे, गाडी हलवण्याआधी, स्वतःच्या गेजने मोजते.

इतक्यावर नाक बाहेर जाणं बरंच कमी झालं होतं, मागची उडीही. लाटेवरचे हेलकावे तसेच होते. ते शॉकरचं काम.

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि धक्का साठवते. साठवलेला धक्का उष्णता करून संपवणं शॉकरकडे असतं. तो थकला की स्प्रिंग मनसोक्त नाचते. पर्याय तीन होते. मूळ शॉकर पुन्हा घालणं, मूळ स्प्रिंगवर बसणारे अधिक चांगले शॉकर घालणं, किंवा उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर. कॉइलओव्हरचा उंची बदलण्याचा गुण मला वापरायचाच नव्हता आणि त्यांचे आटे आपल्या चिखलात जाम होतात. बिलस्टाइन कंपनीच्या शॉकरमध्ये बी ६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी असतो, बी ८ त्याचाच आखूड भाऊ, उतरवलेल्या गाडीसाठी. कोनीच्या पिवळ्या शॉकरमध्ये परतीचा जोर पिळून कमी-जास्त करता येतो, तो मोहही होता. मी बी ६ निवडले, कारण ते मोनोट्यूब आहेत. साध्या शॉकरमध्ये दोन नळ्या असतात, आतल्या नळीत पिस्टन आणि बाहेरच्या नळीत तेलाबरोबर थोडा वायू. खराब रस्त्यावर सतत चालून तेल तापलं की त्यात वायूचे बुडबुडे मिसळतात आणि शॉकर मध्येच ढिला पडतो. मोनोट्यूबमध्ये वायू दाबाखाली, एका तरत्या पिस्टनमागे वेगळा असतो, आणि नळीला बाहेरची हवा थेट लागते, त्यामुळे तेल लवकर थंड होतं. मानपूरकडून धामनोदला उतरताना उन्हाळ्यात जो रस्ता लागतो, त्यासाठी मला हा गुण सगळ्यात मोलाचा वाटला.

सुटे भाग आयात करणाऱ्याकडून आले, सीमाशुल्क धरून महाग पडले. जुने स्ट्रट उतरवले तेव्हा पुढचा उजवा तेलाने ओला होता. दांडा हाताने खाली दाबला तर तो तिथेच राहिला, वर यायचं नावच घेईना. बंप स्टॉपचा पिवळा फोम बोटात धरला आणि त्याची पूड झाली. दादांनी ती पूड हातावर घेऊन मला दाखवली. म्हणजे इतके दिवस लाट ओलांडताना धातू धातूवर आपटत होता. बंप स्टॉप, धूळ अडवणारे बूट, वरचे माउंट आणि बेअरिंग सगळं नवं घातलं. एवढी मजुरी देऊन जुनं माउंट परत बसवण्यात अर्थ नसतो. स्ट्रट निघाला की अलाइनमेंट हलतंच, म्हणून गाडी पुन्हा त्याच मशीनवर नेली आणि जुना कागद समोर ठेवून आकडे लावून घेतले.

शहरात पहिल्यांदा गाडी काढली तेव्हा ती पूर्वीपेक्षा थोडी कडक वाटली. बापट चौकाकडे जाताना स्पीडब्रेकर हळू घ्यावे लागले. खरा फरक महूच्या पुढे कळला. जाम गेटच्या अलीकडे जिथे रस्ता दोनदा उचलतो तिथे गाडी वर गेली, खाली आली आणि थांबली. बस, एकदाच. ज्या वळणात मध्यावर उंचवटा आहे आणि मी नेहमी आधीच वेग कमी करून ठेवायचे, तिथे मागची चाकं उंचवटा गिळून रस्त्याला धरून राहिली. मी वेग वाढवला नाही. विंध्याच्या काठावरून निमाडात उतरणारा हा रस्ता अरुंद आहे, माकडं आहेत, पावसाळ्यात अहिल्याबाईंच्या काळातला दरवाजा बघायला येणाऱ्यांची गर्दी आहे. पण त्याच वेगात आता हातात शिल्लक किती आहे ते जाणवतं, आणि समोरून चुकीच्या बाजूने ट्रक आला तर ती शिल्लक उपयोगी पडते. परतताना नवऱ्याने गाडी चालवली. त्याला गाड्यांचं वेड नाही. तो घाट संपल्यावर एवढंच म्हणाला, “आज तू ब्रेकवर पाय दाबत नव्हतीस शेजारी बसून.”

मागचा अँटीरोल बार (वळणात कलणं रोखणारा, दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा दांडा) जाड घालायचा का, हा प्रश्न अजून पुढे आहे. पुढच्या ओढीच्या गाडीत मागचा बार जाड केला की वळणात वजन सरकण्याचा जास्त वाटा मागची चाकं उचलतात, पुढच्यांचा भार हलका होतो आणि नाक आत येतं. परिणाम मोठा असतो, कारण भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १० टक्के जाडी वाढवली की कडकपणा जवळपास ४६ टक्के वाढतो. पण ओल्या रस्त्यावर वळणात एकदम अॅक्सिलरेटर सोडला तर मागची बाजू फिरू शकते. ही गाडी नवराही चालवतो, उद्या मुलगी चालवेल. तिला आधी कुठेतरी मोकळ्या जागेत, पाणी मारलेल्या जमिनीवर हे शिकवावं, मग बघू.

कायद्याचंही पाहून घेतलं होतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी आणि निर्मात्याच्या मूळ बनावटीशी न जुळणारे बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. निर्मात्यानेच मान्य केलेलं चाकाचं माप, मूळ उंची, मूळ स्प्रिंग यांच्या आत राहण्याचं हे दुसरं कारण. विमा कंपनीला शॉकर बदलल्याचं लेखी कळवलं आणि बिलं गाडीच्या कागदांत लावून ठेवली.

आता दर काही हजार किलोमीटरला मी नक्षीची खोली आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन ठिकाणी मोजते. कायद्याने १.६ मिलिमीटर चालतं, पण आपल्या पावसात ३ च्या खाली मी जाऊ देणार नाही. पुढच्या दोन्ही टायरची बाहेरची कडा आतल्यापेक्षा किंचित जास्त झिजतेय. मॅकफर्सन स्ट्रट आणि जवळजवळ शून्य कॅम्बर यांच्याकडून तेच अपेक्षित होतं. फरक एक मिलिमीटरच्या आत आहे तोवर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून घेणार आहे. तरीही झीज तशीच चालू राहिली तर कॅम्बर प्लेटची चौकशी करायची, असं दादांशी बोलणं झालंय.